बेट कशाचं, बांबूचं?

22 डिसेंबर, जळगाव

मुंबईहून रात्रीच्या गाडीनं निघालेली तिघं पहाटे पाचला जळगावात उतरली, तेव्हा त्यांना घ्यायला आलेली मी मफलरमध्ये नाकापर्यंत गुंडाळलेली होते. मॉरिशसचा कवी, माल्टाची चित्रकार आणि आइसलंडचे सत्तरी ओलांडलेले एक अनुवादक. त्यांना विचारलेलं नाही, म्हणून नावं देत नाही. आइसलंडच्या आजोबांच्या अंगात अर्ध्या बाह्यांचा सदरा. प्लॅटफॉर्मवरचा चहावाला माझ्याकडं वळून म्हणाला, "ताई, यांले सांगा, हिवाळा शे." मी सांगितलं. आजोबा म्हणाले, "कुठे?"

बेत साधाच होता. आम्ही चारपाच अनुवाद करणारे एकमेकांना ओळखतो. पदरमोड करून बेटांवरच्या तीन माणसांना पाच दिवस खानदेशात फिरवायचं, त्यांनी आपापल्या भाषेतली दोनचार पानं आणायची, आम्ही ती मराठीतून वाचून दाखवायची आणि इथलं काही त्यांनी न्यायचं. फलक नाही, शाल-नारळ नाही. माझ्याकडं काम दुभाष्याचं, आणि सगळ्या हिशेबाचंही.

सकाळी जुन्या जळगावातला चौधरीवाडा. बहिणाबाई इथं नांदल्या. 1880 साली असोद्यात जन्मल्या, 1951 मध्ये गेल्या, लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात नि घरात काम करताना जे तोंडून आलं ते मुलानं, सोपानदेवांनी टिपलं आणि त्या गेल्यावर 1952 मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह छापलं गेलं. एवढं इंग्रजीत सांगून झालं नि मी अडकले ती एका शब्दावर. 'वढाय'.

मन वढाय, म्हणजे ओढाळ. उभ्या पिकात शिरणारं ढोर, हाकललं तरी फिरून येणारं. माल्टाची चित्रकार लगेच म्हणाली, "बकरी!" तिच्याकडं पूर्वी दारोदार शेळ्या नेऊन दूध काढून द्यायचे, त्या वाटेत दिसेल ते खायच्या. मॉरिशसवाला म्हणाला, आमच्याकडं उसात माकडं घुसतात, मी माकड घेईन. आइसलंडचे आजोबा मात्र गप्प. शेवटी म्हणाले, "आमच्या मेंढ्या उन्हाळाभर डोंगरात मोकळ्याच असतात, सप्टेंबरात सगळे मिळून त्यांना गोळा करतात. जनावर मोकळं सुटलं म्हणजे काहीतरी बिघडलं, हे मी आइसलंडिकमध्ये कसं सांगू? आधी मला पीक पेरावं लागेल."

दुपारी मॉरिशसच्या कवीनं वहीत देवनागरी अक्षरं गिरवत विचारलं, "इथं मियते लिहिलंय. तू मिळते म्हणालीस. छापणाऱ्याची चूक?"

चूक नव्हे. या बोलीत ळ चा य होतो. डोळा म्हणजे डोया, केळी म्हणजे केयी, ओढाळ म्हणजे वढाय. बाहेरचे सरसकट अहिराणी म्हणतात, पण इथं बोलताना जपून बोलावं: जळगाव-यावल-रावेरच्या लेवा पाटलांची ती लेवा गणबोली, आणि तिला अहिराणी म्हटलेलं अनेकांना खपत नाही. मी स्वतः शिंदखेड्याकडची, अहिराणीतली. मला मध्ये पडायचा अधिकार नाही.

कवी हसला. त्याची भाषा क्रेओल. फ्रेंचमधले 'ला' आणि 'मेर' हे दोन शब्द तिनं चिकटवून समुद्राला 'लामेर' केलं, घराला 'लाकाझ', पाण्याला 'दिलो'. फ्रेंच शिकवणारे म्हणायचे, मोडकी भाषा. 2012 मध्ये ती प्राथमिक शाळेत ऐच्छिक विषय म्हणून आली. त्याआधीच देव विरासामी या नाटककारानं शेक्सपिअरच्या वादळ आणि बेटाच्या नाटकावरून क्रेओलमध्ये 'तूफान' लिहिलं होतं, 1991 मध्ये. 'तूफान' हा शब्द मला भाषांतर करावाच लागला नाही.

पाचवीत मी पुण्याच्या शाळेत गेले तेव्हा पहिल्याच दिवशी "बाई, मन्ही पाटी" म्हणाले होते. वर्ग किती वेळ हसला ते आठवत नाही. 'माझी' हा शब्द शंभर वेळा लिहून आणला ते आठवतं. हे मी त्या तिघांना सांगितलं नाही. दुभाष्यानं स्वतःचं बोलू नये.

23 डिसेंबर, बामणोदकडे

भुसावळ ओलांडून तापीच्या पलीकडं गेलं की दोन्ही बाजूंना केळीच केळी. चित्रकार गाडीतून सारखी उतरायची. जांभळी केळफुलं आणि फाटक्या पानांमधून येणारं ऊन तिला सोडवेना. वाटेत फैजपूर. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन इथलं, डिसेंबर 1936. गांधींच्या सांगण्यावरून नंदलाल बोस यांनी बांबू, गवत अशा गावच्याच साहित्यातून त्याची सजावट केली होती. तिला बोस ठाऊक होते, फैजपूर नव्हतं. आपल्याकडं उलटं असतं.

ओळखीच्या एका शेतकरी कुटुंबानं भरिताला बोलावलं होतं. भरिताची वांगी म्हटली की या भागात बामणोदचं नाव निघतंच. मोठी, फिकट हिरवी, बी कमी. शेतात तुराट्यांचा जाळ, त्यात वांगी नि हिरव्या मिरच्या. साल काळी होऊन तडकली की सोलायची, लाकडी भांड्यात लसणासकट ठेचायची, वर कांद्याची पात, शेंगदाणे, कोथिंबीर आणि तेल हात न आखडता. सोबत कळण्याच्या पुऱ्या. कळणा म्हणजे ज्वारी-उडदाचं एकत्र दळलेलं पीठ. याला पार्टी म्हणतात आणि पन्नास माणसांखाली कुणी ती करत नाही.

वांगी सोलता सोलता चित्रकारानं नाव विचारलं. वांगं. "आम्ही ब्रुंजीला म्हणतो." मॉरिशसचा कवी ताडकन वळला: "आम्ही ब्रेंझेल!" मग मला मोह आवरला नाही. आपल्याकडचा संस्कृतातला जुना शब्द फारसीत बादिंगान झाला, अरबीत बादिंजान, तिथून पोर्तुगीजांच्या तोंडी बेरिंजेला, आणि त्यांच्याच गलबतांतून तो फिरून हिंदुस्थानात आला तेव्हा साहेबानं त्याला ब्रिंजल केलं. माल्टाची भाषा मुळात अरबी कुळातली, रोमन लिपीत लिहिली जाणारी. तिनं तो वाटेतच उचलला. सगळे खूश. आइसलंडच्या आजोबांकडं बघितलं तर ते म्हणाले, "एगाल्दिन. अंडं-फळ. आमच्याकडं शब्द आयात करत नाहीत, घरी बनवतात. वांगी मात्र आयात करतात."

जेवणानंतर वाचन. श्रोते म्हणजे भांडी घासून आलेल्या बायका, बांधावर बसलेले गडी, आणि घरातली आजी, ऐंशीच्या पुढची, पाय पसरून पाटावर. कवीची छोटीशी कविता होती, मी आदल्या रात्री मराठी केलेली. पणजी बेटावर उतरली, बेट लहान होतं, रात्री समुद्र घराच्या भिंतीला टेकून श्वास घ्यायचा, वगैरे. मी बऱ्यापैकी आवाज लावून वाचली. शांतता. मग आजी:

"बेट कशाचं वं माय? बांबूचं?"

मी थांबले. चूक तिची नव्हतीच. आपल्या भाषेत बांबूचंही बेट असतं, आणि तिच्या मळ्याच्या कोपऱ्यात ते खरंच उभं होतं, हात केला की दिसेल असं. समुद्र तिनं पाहिलेला नाही. माझी कविता ऐकताना तिच्या डोळ्यांपुढं एक बाई बोचकं घेऊन बांबूच्या जाळीत राहायला गेली होती.

मी समजावलं. चहूबाजूंनी पाणी, मधे जमीन.

"अन् मानसं मधी? पूर आला तं जाता कुठी मंग?"

हे मी इंग्रजीत सांगितलं तेव्हा कवी बराच वेळ बोलला नाही. मग त्यानं आजीला जे सांगितलं ते मी वाक्यावाक्यानं पुढं ढकलत गेले. 1834 पासून पुढं ऊसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले, साडेचार लाखांच्या आसपास. पोर्ट लुईच्या ज्या पायऱ्यांवरून ते चढले त्या आप्रवासी घाटाला 2006 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यातले काही मराठी होते, बरेचसे कोकणाकडचे, त्याचे पणजोबाही. घरात आरत्या उरल्या, गणपती उरला, जाखडीचा नाच झाकडी होऊन उरला. बोलणं उरलं नाही. "मी मराठी आहे आणि मला मराठी येत नाही," असं तो म्हणाला. मी ते आजीला तसंच सांगितलं.

आजी काही तत्त्वाचं बोलेल अशी मला उगाच आशा. ती म्हणाली, "त्याले अजून एक पुरी वाढा."

आजीचा मुलगा आम्हाला केळीत घेऊन गेला. घड कापला की मूळ झाड संपलं, पण बुडाशी पीलं असतात. त्यातलं एक राखायचं, बाकीची काढायची, राखलेल्याची पुढं पीलबाग. कुदळीनं माती ओढून त्यानं कंद दाखवला: वर दोन झाडं, खाली गाठ एकच. कवीनं मग पॅसिफिकमधल्या टोंगन वंशाच्या एपेली हाउओफा या लेखकाचं सांगितलं, 1993 मधलं: लोक म्हणतात दूर समुद्रात विखुरलेली बेटं, आपण म्हणावं बेटांचा समुद्र. पाणी तोडत नाही, पाण्यावरूनच तर माणसं एकमेकांकडं जात होती. मी हे भाषांतर करताना 'बेटांचा' शब्दावर शेतकऱ्यानं मान हलवली आणि नजर बांबूकडं वळवली. त्या क्षणी मला कविता परत लिहायची आहे हे कळलं. 'द्वीप' लिहून मोकळं होता आलं असतं. पण 'द्वीप'मध्ये कोण राहतं?

निघताना आजीनं लुगड्याच्या टोकातून एक पुरचुंडी सोडवून कवीच्या हातात ठेवली. भरिताच्या वांग्याचं बी.

24 डिसेंबर, अमळनेर

साने गुरुजींचा जन्मदिवस, आम्ही ठरवून साधलेला. जन्म 1899 चा, कोकणातला, पण मास्तर झाले ते इथं. 1924 ते 1930 प्रताप हायस्कुलात. पाहुण्यांना मी गुरुजींची 'मातृभक्त' ही ओळख सांगितलीच नाही, ती सगळे सांगतात. मी सांगितलं ते तुरुंगातलं. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात तमिळ माणसांसोबत ठेवलं, तर हे तमिळ शिकले आणि तिरुक्कुरळ मराठीत आणलं. पुढं आंतरभारतीचं स्वप्न धरलं, प्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात म्हणून. आइसलंडच्या आजोबांनी विचारलं, "शब्दकोश कुठून मिळाला त्यांना?" सत्तरीतला अनुवादक पहिला प्रश्न हाच विचारणार. मला उत्तर देता आलं नाही.

तत्त्वज्ञान मंदिराच्या आवारातून चक्कर झाली. 1916 पासूनची ही संस्था, प्रतापशेठांच्या दानातून उभी. बोरीच्या काठी चालताना चित्रकारानं नदीत पाणी कुठं आहे विचारलं. पुढं जाऊ.

संध्याकाळी एका मित्राच्या वाड्यात वाचन. 2024 मध्ये 97 वं साहित्य संमेलन याच गावात झालं, आमच्याकडं एकतीस माणसं, त्यात चार बिस्किटांसाठी आलेली पोरं. चित्रकारानं माल्टी भाषेतली सर्वांत जुनी कविता म्हटली, 'कांतिलेना', पंधराव्या शतकातली, पिएत्रू काशारोची. 1966 मध्ये जुन्या कागदपत्रांत सापडली. एका माणसानं घर बांधलं, पाया खडकाचा समजला होता, निघाली ओली चिकणमाती, घर कोसळलं. आमच्या खानदेशात काळ्या मातीवर ज्यांनी घरं बांधलीत त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. मागून एक जण म्हणाला, "कॉलम घ्याले पाहिजे व्हतं." हशा.

कविता वाचता वाचता श्रोतेही शब्द पकडू लागले. किताब तिच्याकडं क्तीब, दुनिया दिन्या, खबर आहबार.

मग माझी फजिती. एका बाईंनी अहिराणीत कानबाईचं गाणं म्हटलं आणि त्यामागची गोष्ट सांगितली. श्रावणात येते, रोट करतात, रात्रभर जागतात. बोलता बोलता मधे त्यांच्या आईच्या आठवणीनं गळा भरला, त्या थांबल्या, मग सावरल्या. मी इंग्रजीत सांगितलं, छान, नीटस, चार वाक्यांत. आजोबा माझ्या कानाशी आले. "ती पाच मिनिटं बोलली. तू अर्धं मिनिट. आणि तिचा आवाज दोनदा फुटला, तुझा एकदाही नाही."

मला राग आला. मग जेवताना घास उतरेना. मी अहिराणीतून आधी पुण्याच्या मराठीत आणत होते, तिथं धुऊन-पुसून, आणि मग इंग्रजीत. दोनदा गाळलेला चहा. 'माझी' शंभर वेळा लिहिल्याचा हा परिणाम असेल. रात्री त्या बाईंना शोधून परत ऐकलं, आणि या वेळी थेट सांगत गेले. जिथं इंग्रजी सुचेना तिथं अहिराणीच ठेवलं. वाईट झालं नाही.

25 डिसेंबर, धुळे

हा दिवस शेवभाजीनं खाल्ला. आजोबांनी आदल्या रात्री तर्री पिऊन दाखवली होती. सकाळपासून लॉजच्या खोलीत, ताक-भात आणि मीठ-साखरेचं पाणी. नाताळ असल्यानं चित्रकारानं त्यांच्या उशाशी केळी आणि मेणबत्ती ठेवली. आम्ही उरलेले तुरुंगाच्या भिंतीपर्यंत जाऊन आलो. 1932 मध्ये 21 फेब्रुवारी ते 19 जून, अठरा रविवार, विनोबा इथं कैद्यांपुढं गीतेवर बोलले आणि गुरुजींनी लिहून घेतलं. तेच पुढं किती भाषांत गेलं. एक बोलणारा, एक टिपणारा. कालच्या फजितीनंतर मी त्या भिंतीकडं जरा जास्तच वेळ पाहत राहिले. पंक्चर, स्टेपनीतही हवा नाही, दीड तास. बस.

26 डिसेंबर, चाळीसगाव आणि पाटणादेवी

आजोबा टुणटुणीत. सकाळी चाळीसगावात केकी मूस यांचं घर. इंग्लंडमध्ये शिकून आलेला हा पारशी छायाचित्रकार अनेक दशकं या घराबाहेर जवळजवळ पडलाच नाही आणि 1989 मध्ये इथंच गेला. टेबलावर वस्तू मांडून बर्फाचे डोंगर उभे करायचा, त्याची कला मात्र जगभर फिरली. आजोबांनी सांगितलं, त्यांच्या भाषेत मूर्खाला 'हेम्स्कुर' म्हणतात, म्हणजे घराबाहेर न पडलेला. मी म्हटलं, आमच्याकडं घरकोंबडा. मूस यांचा फोटो बघत ते म्हणाले, "हा शब्द आज परत घ्यावा लागेल."

पाटणादेवीला दुपारी. गौताळ्याच्या डोंगरांनी तीन बाजूंनी धरलेली जागा, खाली हेमाडपंती देऊळ. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथं मठ काढला, त्याचा शिलालेख 1207 च्या सुमाराचा. एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजी लाडांनी तो उजेडात आणला.

भास्कराचार्यांचा गणिताचा ग्रंथ 'लीलावती' मी मुद्दाम शेवटच्या दिवसाला ठेवला होता. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी, लग्नाची घटिका मोजायला घंगाळात वाटी सोडली, मुलगी वाकून बघायला गेली, मोती वाटीत पडून भोक बुजलं, मुहूर्त टळला, आणि बापानं तिच्या नावानं ग्रंथ लिहिला: ही गोष्ट शाळेत सगळ्यांनी ऐकलेली. मूळ ग्रंथात ती नाही. 1587 मध्ये अकबराच्या सांगण्यावरून फैजीनं फारसीत भाषांतर केलं, त्यात ती येते. साडेचारशे वर्षांनी आपण ग्रंथ विसरलो आणि अनुवादकाची प्रस्तावना तोंडपाठ केली.

आजोबांना हे इतकं आवडलं की ते देवळाच्या पायरीवर बसूनच राहिले. आइसलंडिकमध्ये संगणकाला 'तोल्वा' म्हणतात: 'ताला' म्हणजे संख्या, 'वोल्वा' म्हणजे भविष्य सांगणारी बाई. जोडून संख्यांची जोगतीण. "तुमच्या फैजीनं मुलगी तशीच बनवली," ते म्हणाले.

मग लीलावतीतलं एक उदाहरण घातलं. भुंग्यांचा थवा, पाचवा भाग कदंबावर, तिसरा शिलिंध्रावर, त्या दोन भागांतल्या फरकाची तिप्पट कुटजावर, आणि एक भुंगा उरला तो केवडा नि जाई यांच्या वासात मधोमध घुटमळतोय. एकूण किती? कवीनं गुडघ्यावर वही ठेवून क्रेओलमध्ये पुटपुटत सोडवलं, पंधरा. चित्रकारानं पंधरा भुंगे काढले, चौदा फुलांवर आणि एक कागदाच्या कडेशी. फुलं तिनं तिच्या बेटावरची घेतली. कदंब तिला कुठून ठाऊक असणार? मी हरकत घेतली नाही. तीन दिवसांपूर्वी घेतली असती.

संध्याकाळी चाळीसगाव स्टेशन. गाडीला वेळ. कवीनं सामान आवरताना खिशातून पुरचुंडी काढली आणि चेहरा पाडला: बेटाच्या विमानतळावर बियाणं आत नेऊ देत नाहीत. फेकवत नव्हतं. मी बामणोदला फोन लावला, आजीच्या मुलानं तो तिच्या कानाला धरला.

"जाऊ दे मंग," आजी ओरडून म्हणाली. फोनवर ती ओरडतेच. "तिथी नाहीत का वांगी?"

"आहेत की."

"काय म्हनता त्याईले?"

"ब्रेंझेल."

"काय?"

मी फोन कवीकडं दिला. तो स्टेशनभर ऐकू जाईल असा ओरडला, "ब्रेंझेल!" पलीकडून आजीनं सुनेला काहीतरी 'बरंजल' असं सांगितलं, दोघी हसत सुटल्या, मग आवाज परत जवळ आला.

"भाव काय तिथी?"

मी कवीला विचारलं. त्याला माहीत नव्हतं. बाजार बायको करते.